‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यानंतर

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी मध्यमवर्गात एक नवा कथाप्रकार रुजला आहे आणि वाङ्मयप्रकारांच्या वर्गीकरणात हयात घालवणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. दोन चौकोन, दोन छायाचित्रे, खाली दोन आकडे. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. पुण्यातील वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत, चौकांतील फलकांवर, दवाखान्यांच्या भिंतींवर आणि आता प्रत्येकाच्या हातातील पडद्यावर ही कथा वाचावयास मिळते. डावीकडील व्यक्ती ढगळ कपड्यांत, मंद उजेडात, न हसणारी. उजवीकडे तीच व्यक्ती भरपूर उजेडात, पट्टा आवळून, जुन्या विजारीच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून उभी. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची ही जाहिरात आहे हे उघड आहे. परंतु तिची रचना आपल्या ओळखीची आहे. वाल्याचा वाल्मीकी होणे ही आपली फार जुनी आवडती गोष्ट. फरक इतकाच, की वाल्मीकीच्या गोष्टीत तपश्चर्येला आणि वारुळाला जागा आहे. येथे दोन चौकोनांच्या मध्ये एक पांढरी रेघ तेवढी आहे.

कथनमीमांसा शिकवणाऱ्या माणसाने विचारावयाचा पहिला प्रश्न असा : ही कथा नेमकी कोणत्या क्षणी संपते? ‘नंतर’ म्हणजे केव्हा? चौकोनाखाली किलो छापलेले असतात, तारीख बहुधा नसते. या शस्त्रक्रियेनंतर वजन सर्वांत खाली येते ते साधारण एक ते दोन वर्षांच्या दरम्यान, आणि छायाचित्र नेमके तेव्हाचे असते. निवेदक चतुर आहे. गोष्ट शिखरावर असताना तो पडदा पाडतो आणि पुढील पंधरा-वीस वर्षे जगावयाची जबाबदारी नायिकेवर टाकून निघून जातो.

त्या पुढल्या वर्षांविषयी हा लेख आहे. वजन पुन्हा वाढते. सर्वांचे नाही, सारखे नाही, पण पुष्कळांचे, आणि काही प्रमाणात बहुतेकांचे. वैद्यकास हे आज कळले असेही नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. ज्यांच्यावर ‘गॅस्ट्रिक बायपास’ झाली होती त्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहाव्या वर्षी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. आपल्या भाषेत सांगावयाचे तर १२० किलोची व्यक्ती ८२ किलोंपर्यंत उतरली आणि दहाव्या वर्षी ९० किलोंवर आली. त्याच अभ्यासाचे २००७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होते. (आपल्याकडे आज पुष्कळ केली जाणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया त्या अभ्यासात नव्हती, हेही सांगून ठेवले पाहिजे, आणि सरासरीच्या आड कमी-अधिक नशिबाची माणसे असतात हेही.) म्हणजे वैद्यकाच्या खतावणीत जी व्यक्ती यशस्वी म्हणून नोंदली जाते, तीच सदाशिव पेठेतल्या लग्नाच्या पंगतीत ‘पुन्हा होती तशीच झाली’ म्हणून मोजली जाते. आमचे भांडण या दुसऱ्या मोजणीशी आहे.

ती मोजणी कोठून येते? आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने आधी भाषेकडे पाहतो. आमच्या आजीच्या पिढीत ‘तब्येत सुधारली’ याचा अर्थ अंगावर मांस चढले असा होता आणि ‘तब्येत उतरली’ हे काळजीचे वाक्य होते. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या महाराष्ट्रात हे अर्थ स्वाभाविकच होते. दोन पिढ्यांत तेच ‘तब्येत सुधारली वाटते’ हे वाक्य टोमणा झाले. त्याहून बोलका ‘सुटणे’ हा प्रयोग. ‘पोट सुटले’, ‘लग्नानंतर किती सुटली’. सुटते ते बांधलेले; म्हणजे शरीर हे बांधून ठेवण्याचे जनावर आणि दावे ढिले पडू देणारा धनी दोषी, हा निवाडा क्रियापदातच देऊन टाकलेला आहे. ‘चरबी चढली’ याचा अर्थ तर आपण उर्मटपणा असाच करतो. आणि ज्या शब्दाने या आजाराचा उल्लेख शासकीय पत्रकांपासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र होतो तो ‘लठ्ठपणा’ पाहा. मराठीत रोगांची नावे ज्वर, दाह, विकार, मेह अशा शेपटांनी होतात. ‘पणा’ हे शेपूट आपण आळशीपणा, वेंधळेपणा, हावरेपणा यांना लावतो. ‘पणा’ने आजाराचे नाव होत नाही, स्वभावाचे होते, आणि स्वभावाला औषध नाही हेही आपणच म्हणतो. आयुर्वेदाकडे मेदोरोग आणि स्थौल्य असे दोन शब्द होते. ते आपण वैद्यांच्या पाटीवर ठेवून दिले.

आयुर्वेदाचे नाव निघालेच आहे तर चरकसंहितेतील सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायाचा दाखला देतो, कारण ‘आमच्या परंपरेत हे नव्हते, संयम होता’ असे म्हणणारे पुण्यात पावलोपावली भेटतात. अध्यायाचे नाव अष्टौनिन्दितीय. म्हणजे ज्यांची निंदा होते अशा आठ प्रकारच्या देहांविषयी. त्यांत अतिस्थूलही आहे आणि अतिकृशही. स्थौल्याची कारणे सांगताना तेथे अति आहार आणि व्यायामाचा अभाव यांच्या जोडीने बीजस्वभाव हेही कारण दिलेले आहे. शिवाय स्थूल माणसास भूक अधिक लागते ती का, याची उपपत्ती आहे : मेदाने मार्ग अडल्याने वायू कोठ्यात फिरून अग्नी चेतवतो. उपपत्ती आज टिकणार नाही. परंतु तिची दिशा पाहावी. भूक ही त्या माणसाची लबाडी आहे असे तेथे म्हटलेले नाही, देहात काही घडते म्हणून ती लागते असे म्हटले आहे. त्या प्राचीन ग्रंथाने दिलेली ही सवलत आमच्या स्टाफरूमला आजही देता आलेली नाही.

आधुनिक शरीरशास्त्राने ती भूक अधिक नेमकी दाखवली. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागातच भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होते. म्हणून पहिले काही महिने भूक लागतच नाही, आणि पुष्कळांना आयुष्यात प्रथमच अन्नाविषयी उदासीन असणे म्हणजे काय ते कळते. मग देह सावरतो. नळी थोडी सैलावते, भूक हळूहळू परतते आणि घटलेल्या वजनाचा देह विश्रांतीतही पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्चू लागतो. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत असल्याचे आढळले. ढोबळ मानाने दोन-तीन भाकऱ्या. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झालेली नव्हती, म्हणून तोच आकडा येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण वजन उतरलेला देह पूर्वीच्या वजनाकडे कसा ओढ घेतो हे त्यावरून दिसते.

‘सगळे मनाच्या निग्रहावर आहे’ असे सांगणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. हे तरुण कोण होते? सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सैन्यात लढण्यास नकार दिलेले. सबंध देश युद्धज्वराने फणफणला असताना एकट्याने ‘नाही’ म्हणणे ज्यांना जमले, त्यांना दुबळ्या मनाचे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरीही त्यांच्यापैकी काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, अन्नाखेरीज दुसरे काही त्यांना सुचेना. आणि पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक दीर्घकाळ भागेना. राज्यसत्तेसमोर टिकलेला निग्रह अर्ध्या पोटासमोर टिकला नाही. आमच्या इमारतीतील, तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी चालून येणारे आणि नंतर अमृततुल्यात बसून इतरांच्या कमरांचे हिशेब करणारे गृहस्थ त्या तरुणांहून करारी असतील, तर त्यांनी तसे सिद्ध करून दाखवावे.

पुण्याचे नाव या विषयात दुसऱ्याच एका छायाचित्रासाठी घेतले पाहिजे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही सडपातळ, दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक नेमका २२.३. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. जाहिरातीतील दोन चौकोन सांगतात की डोळ्यांना दिसते ते सत्य. या दोन माणसांनी शेजारी शेजारी उभे राहून डोळ्यांना काहीच दिसत नाही हे दाखवले. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची अपत्ये यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५. पुण्याची बाळे लहान, स्नायूंनी दुबळी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. जन्मापूर्वीच देह काय टाकावे आणि काय जपावे याचा निर्णय करून बसलेला. शस्त्रक्रियेनंतर वजन का परतते याचे उत्तर त्या अभ्यासात शोधू नये, तो त्यासाठी नव्हताच. परंतु ज्या शहरात हे संशोधन झाले त्या शहराने तरी देहाकडे पाहून चारित्र्य ओळखण्याचा उद्योग थोडा थांबवावयास हवा होता.

तो थांबला नाही याचा पुरावा आमच्या जवळच आहे. आमच्या एका सहकारी प्राध्यापिका, त्यांना येथे बाई म्हणू, सात वर्षांपूर्वी या शस्त्रक्रियेस सामोऱ्या गेल्या. (त्यांनी हा मजकूर वाचला आहे आणि छापण्यास संमती दिली आहे, एक विशेषणही त्यांनी खोडले.) दीड वर्षात ४१ किलो उतरले. तेव्हा सबंध महाविद्यालय त्यांना थांबवून थांबवून अभिनंदन करीत असे. नंतरच्या वर्षांत १७ किलो परत आले. अभिनंदने थांबली, हे ठीक. पण त्यांच्या जागी सल्ले आले. कोणी डॉ. जिचकार आणि डॉ. दीक्षित यांची दोन वेळा जेवण्याची पद्धत सांगितली. जिचे जठर केळ्याएवढे उरले आहे तिने दिवसभराचे निम्मे अन्न पंचावन्न मिनिटांत कसे संपवावे, हा प्रश्न सांगणाऱ्यास पडला नाही. कोणी ‘एवढे लाख पाण्यात गेले’ असे त्यांच्या पाठीमागे, पण त्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात म्हटले. आणि हेच लोक डोहाळजेवणात त्यांच्या पानात आग्रहाने दुसरी जिलेबी वाढत. आग्रह आणि निंदा यांची ही युती आपल्या संस्कृतीत फार जुनी आहे.

बाई काय खात होत्या, हे विचारणे गैर नाही. मात्र उत्तर ऐकून घ्यावे. पहिल्या काळात भाकरी घशाखाली उतरत नसे, उसळ छातीत अडके, मटणाचा तुकडा उलटून पडे. सहज उतरे ते चहात बुडवलेले बिस्कीट, शिरा, श्रीखंड, आइसक्रीम, चुरलेली शेव. म्हणजे नव्या जठराने जे सन्मानाने आत घेतले तेच नेमके वजन वाढवणारे, आणि जे खावे असे तक्त्यात लिहिलेले ते दारातच नाकारलेले. त्यात दिवसाला चार तास, परीक्षेच्या गठ्ठ्यांची रात्र आणि घरी दोघांचे पथ्याचे वेगळे जेवण. यात ‘हावरेपणा’ कोठे बसवावयाचा ते आम्हांस कळलेले नाही.

खरा अपाय पुढे आहे. चौथ्या वर्षानंतर बाईंनी ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे तपासणीस जाणे सोडले. कारण विचारले तेव्हा त्यांनी मार्गिकेतला वजनकाटा सांगितला. दहा माणसांसमोर त्यावर उभे राहावयाचे, आकडा मोठ्याने वाचला जावयाचा आणि मग आहारतज्ज्ञ मुलीने मान न उचलता म्हणावयाचे, ‘काय खाता हो तुम्ही?’ तीन वर्षे त्या गेल्या नाहीत. या शस्त्रक्रियेनंतर ब १२, लोह, ड जीवनसत्त्व यांची पूर्तता आणि रक्ताच्या तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. मासे-मटण न खाणाऱ्या घरांत तर विशेष. पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा पेठेतल्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. लोह आणि ब १२ दोन्ही तळाला गेलेली. सतरा किलोंनी त्यांचे जेवढे बिघडवले नव्हते तेवढे लाजेने बिघडवले होते. आणि ती लाज आम्ही सर्वांनी मिळून, महाविद्यालयाच्या चहापानात थोडी थोडी करून, त्यांना पुरवली होती.

आकड्याची ही भूक सार्वजनिक झाली की काय होते ते मुंबईने २०१७ साली पाहिले. इमान अब्देलाती ही इजिप्तची स्त्री फेब्रुवारीत मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. वजन सुमारे ५०० किलो सांगितले जात होते. मार्चमध्ये सैफी रुग्णालयात तिच्यावर ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया झाली. किती किलो उतरले याची वार्तापत्रे क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचली गेली. एप्रिलमध्ये तिच्या बहिणीने त्या आकड्यांवरच आक्षेप घेतला, रुग्णालयाने तो नाकारला, आणि मग वाद वजनाचा झाला. मेमध्ये इमान अबू धाबीस गेली आणि २५ सप्टेंबरला तेथे वारली. पक्षाघाताने वाचा गेलेल्या त्या स्त्रीला स्वतःला काय वाटत होते, हे त्या सगळ्या बातम्यांत शोधूनही फारसे सापडत नाही. काटा बोलत होता.

आता प्रतिपक्ष. ‘मग माणसाची काहीच जबाबदारी नाही काय? असेच म्हणत गेलो तर कोण पथ्य पाळेल?’ जबाबदारी आहे. गोळ्या घेणे, तपासणीस जाणे, प्रथिने आधी आणि गोड शेवटी खाणे, चालणे ही सर्व रुग्णाचीच कामे. परंतु जबाबदारी आणि दोष यांत अंतर आहे. आणि दोष दिल्याने जबाबदारी वाढत नाही, माणूस दवाखान्यात येईनासा होतो, हे वर सांगितले. मोतीबिंदू काढल्यानंतर काही वर्षांनी पुन्हा पडदा धरला तर ‘तुम्ही नीट पाहिले नाही’ असे कोणी म्हणत नाही. वजन परतले तर कारणे शोधावीत, औषध द्यावे, गरज असल्यास ‘स्लीव्ह’ची ‘बायपास’ करावी; वैद्यक हे सर्व आज करते. २०२५ साली मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही या इंजेक्शनांचे भारतात आगमन झाले आणि वजन परतलेल्या पुष्कळांना त्यांचा आधार वाटू लागला. तेथेही तोच धडा आहे. वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्याचे पाहण्यात आले. चाकू असो वा सुई, आजार जुनाट आहे आणि उपचारही दीर्घकाळचाच असणार. जाहिरातीच्या दोन चौकोनांत हे मावत नाही.

विम्याचेही असेच. भारतीय विमा नियामकाने २०१९ साली घालून दिलेल्या नमुन्यानुसार या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा गंभीर सहव्याधीसह ३५ किंवा अधिक असावा लागतो; आणि आधीचे सौम्य उपाय अयशस्वी झालेले असावे लागतात. म्हणजे टेबलावर जाण्यापूर्वी आपल्या अपयशाचा कागद जोडावा लागतो. टेबलावरून उतरल्यानंतर मात्र अपयशाला मनाई. असो.

रुग्णालयांकडून आमची अपेक्षा मोठी नाही. वजनकाटा मार्गिकेतून उचलून दाराआड न्यावा. शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात पाचव्या आणि दहाव्या वर्षाविषयी बोलावे, तेही मराठीत. आणि ‘वजन थोडे परतेल, तेव्हा लपू नका, या’ हे वाक्य डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारावे. फलकावर चौकोन छापावयाचेच असतील तर तिसराही छापावा : ‘सात वर्षांनंतर’. त्यात बाईंसारखी कोणी स्त्री असेल, १०१ किलोंची, ‘आधी’पेक्षा चोवीस किलोंनी हलकी, मधुमेहाच्या तीन गोळ्यांपैकी एकच उरलेली, साध्या उजेडात, बहुधा उत्तरपत्रिका तपासत बसलेली. तो चौकोन छापण्यास पुण्यातील एखादे रुग्णालय तयार असल्यास खालचा मजकूर आम्ही विनामोबदला लिहून देऊ.